फुल एचडी टीव्ही घेतला म्हणजे सगळं एचडी?

जळगाव-भुसावळकडं घरोघरी फिरणारा समज, टीव्ही फुल एचडी घेतला की चॅनल, गेम सगळं आपोआप एचडी. असं नाही हो. पडदा १९२० बाय १०८० ठिपक्यांचा असला तरी साध्या, म्हणजे एसडी चॅनलमधून ५७६ च ओळी येतात, टीव्ही त्या फक्त ताणून दाखवतो. प्लेस्टेशन ३ या गेम मशीनचंच बघा, मशीन १०८० पी, म्हणजे फुल एचडी चित्र देणारं, पण बॉक्समधली लाल-पांढरी-पिवळी पिनवाली केबल लावली तर चित्र एसडीच, कारण त्या पिवळ्या पिनमधून एचडी जातच नाही, त्याला एचडीएमआय ही डिजिटल केबल, नाहीतर लाल-हिरवी-निळी पिनवाली कंपोनंट केबल लागते, ही माहिती दुकानात सांगायलाच पाहिजे. रिमोटचं इन्फो बटण दाबा, बऱ्याच टीव्हीत येणारं चित्र ५७६ आय (एसडी) का १०८० पी (फुल एचडी) ते दिसतं.