हाताने काढलेला क्यूआर कोड काय माफ करतो, काय नाही

क्यूआर कोड आलेखाच्या कागदावर पेनाने काढता येतो, आणि नीट काढला तर मोबाइल तो एका झटक्यात वाचतो. 1994 मध्ये जपानच्या डेन्सो कंपनीत मासाहिरो हारा यांच्या गटाने मोटारींच्या सुट्या भागांसाठी तो तयार केला. कारखान्यात लेबलांना डाग पडणार, हे तेव्हाच गृहीत धरले होते. त्यामुळे वेडीवाकडी रेघ किंवा चुकून रंगलेले एखादे घर त्याला चालते. बिटांची, म्हणजे 0 आणि 1 यांची (1 चे घर काळे, 0 चे पांढरे), रांग एका घराने सरकली, तर मात्र तो वाचला जात नाही.

सर्वांत लहान कोड 21 × 21 घरांचा. त्यातली 208 घरे माहितीची, म्हणजे आठ-आठ बिटांचे 26 बाइट. बाकीची 233 रचनेची. भोवती चारही बाजूंनी 4 घरांची कोरी पट्टी हवीच, म्हणून जागा 29 × 29 घरांची धरावी. 5 मिलिमीटरचे घर घेतले तर 14.5 सेंटिमीटर लागतात, ए-फोर कागदावर आरामात मावते.

आधी तीन कोपऱ्यांतले चौकोन काढा: 7 घरांची काळी चौकट, आत पांढरी, मधे 3 × 3 काळे. या चौकोनांना लागून आतल्या बाजूने एक घर पांढरे राहते. मधून आडवी रेघ मारली तर काळ्यापांढऱ्याचे प्रमाण 1:1:3:1:1 येते. छापील मजकुरात हे प्रमाण क्वचितच सापडते, म्हणूनच ते निवडले आणि मोबाइल आधी तेच शोधतो. मार्करची शाई पसरली की काळे फुगते, पांढरे आक्रसते आणि प्रमाण बिघडते. म्हणून काळे घर कडेपासून किंचित आत रंगवावे. माहितीच्या घरांना इतकी काळजी नको, कारण तिथे घराचा मध्यच पाहिला जातो.

सातव्या ओळीत आणि सातव्या स्तंभात चौकोनांच्या मधे काळे-पांढरे आळीपाळीने, सुरुवात काळ्याने. चौदाव्या ओळीतले नववे घर नेहमी काळे.

आता मजकूर. 1994 हा आकडाच घेऊ. ‘अंक येत आहेत’ याची खूण 0001, अंक चार, हे 10 बिटांत 0000000100, पहिले तीन अंक 199 हे 10 बिटांत 0011000111, उरलेला 4 चार बिटांत 0100, शेवटी 0000. सगळे जोडून आठ-आठचे गट पाडले की 16, 16, 199, 64 हे चार बाइट मिळतात. 26 पैकी काही बाइट बिघाड दुरुस्त करण्यासाठी राखलेले असतात; किती, ते दुरुस्ती-पातळीवर ठरते. सर्वांत सौम्य पातळीला माहितीचे 19 बाइट लागतात. उरलेल्या 15 जागी 236 आणि 17 आळीपाळीने भरायचे. देवनागरीचे प्रत्येक चिन्ह 3 बाइट खाते, त्यामुळे ‘नमस्कार’ला 21 बाइट लागतात आणि तो या आकारात मावत नाही. यूपीआयचा कोडही नाही, त्याची ठरावीक सुरुवातच 13 बाइटांची.

पुढचे 7 बाइट दुरुस्तीचे, रीड आणि सॉलोमन यांच्या 1960 च्या पद्धतीने काढलेले. 256 संख्यांच्या विशेष अंकगणितात 133 गुणाकार, तेही घातांकांचा तक्ता शेजारी ठेवून. इतर पातळ्यांना 150 च्या वर गुणाकार लागतात, म्हणून हाताने करताना हीच पातळी बरी, जरी ती फक्त 2 बिघडलेले बाइट सावरते. एक गुणाकार चुकला की चूक पुढच्या बाइटांत पसरते. त्यावर सोपी तपासणी आहे: सगळे 26 बाइट एकाखाली एक लिहा, प्रत्येक स्तंभात 1 ची संख्या सम आली पाहिजे. ही तपासणी सगळ्या चुका पकडत नाही, पण बहुतेक पकडते.

बिट भरणे उजव्या खालच्या कोपऱ्यातून सुरू होते. दोन स्तंभांची जोडी घेऊन वर जायचे, प्रत्येक ओळीत आधी उजवे घर, मग डावे. पुढच्या जोडीत खाली यायचे. रचनेची घरे ओलांडायची, सातवा स्तंभ पूर्ण सोडायचा. घसरतात ते इथेच. पहिल्या चार जोड्यांत प्रत्येकी नेमके 3 बाइट बसतात, पुढच्या दोन जोड्यांत 5-5, शेवटच्या चारांत एकेक. जोडी संपताना बाइटही संपला नाही, तर लगेच मागे जाऊन मोजा.

मग माहितीच्या घरांपैकी ज्यांच्या ओळीची आणि स्तंभाची बेरीज सम येते, त्यांचा रंग उलटा करायचा, म्हणजे मोठे एकरंगी पट्टे राहत नाहीत. असे आठ मुखवटे आहेत. छपाईसाठी त्यांतला सर्वांत चांगला निवडतात, पण मोबाइल कोणताही वाचतो, कारण मुखवट्याचा क्रमांक कोडातच लिहिलेला असतो. आपली दुरुस्ती-पातळी आणि हा मुखवटा सांगणारी 15 बिटांची रांग 111011111000100. नवव्या ओळीत डावीकडून सुरू करून डाव्या वरच्या चौकोनाला वळसा घालत ती नवव्या स्तंभातून वर न्यायची. वाटेत सातव्या स्तंभातले एक आणि सातव्या ओळीतले एक अशी दोन घरे वगळायची. दुसरी प्रत: पहिले 7 बिट नवव्या स्तंभात तळापासून वर, उरलेले 8 नवव्या ओळीच्या उजव्या टोकाला, डावीकडून उजवीकडे.

हाच कोड रांगोळीने काढायचा असेल, तर काळ्या फरशीवर पांढरी घरे आणि कडेची पट्टी रांगोळीने भरा, काळी घरे मोकळी सोडा. काळ्या घरांत रांगोळी भरली तर कोड उलटा होतो आणि काही मोबाइल तो वाचत नाहीत. 5 सेंटिमीटरच्या घराने रांगोळी 145 सेंटिमीटरची होईल. या आकाराला चौथ्या कोपऱ्याजवळची जुळणीची खूण नसते, ती 25 × 25 पासून येते. म्हणून फोटो तिरका न घेता स्टुलावर चढून वरून घ्यावा.