सातव्या दिवसाची सायकल : स्टेज रेससाठी एमटीबी निवडण्यामागचा इतिहास

दीड तासाच्या क्रॉस-कंट्री शर्यतीसाठी माउंटन बाइक निवडणं त्या मानानं सोपं. जितकी हलकी, जितकी ताठ, तितकी बरी. कंबर धरली तरी संध्याकाळी घरीच जायचं असतं. आठ दिवसांच्या स्टेज रेसमध्ये, म्हणजे रोज एक टप्पा पार करायच्या शर्यतीत, हाच हिशेब अंगाशी येतो. पहिल्या दिवशी सगळ्यांत वेगवान ठरणारी सायकल सातव्या दिवशी तशी राहतेच असं नाही, कारण तोवर चालवणाऱ्याचे मनगट, पाठ आणि बसायची जागा यांचा निकाल लागलेला असतो. गेल्या पंचवीस-तीस वर्षांत या सायकलींत जे बदल होत गेले, त्यांतले बरेचसे या एका अडचणीतून आले आहेत.

लांब पल्ल्याची शर्यत म्हटलं की आपल्याकडे अमेरिका आडवी पार करणारी ‘रॅम’ (रेस अक्रॉस अमेरिका) आठवते. नाशिकच्या महेंद्र आणि हितेंद्र महाजन या डॉक्टर बंधूंनी २०१५ साली ती दोघांच्या संघात पुरी केली. पण ती डांबरावरची शर्यत. मागे मदतीची गाडी, गाडीत जादा चाकं, दुसरी सायकल. डोंगरातल्या स्टेज रेसमध्ये पाठीशी गाडी नसते. ठरलेली दुरुस्तीची ठिकाणं सोडली तर वाटेत जे मोडेल ते खिशातल्या हत्यारांनी, फार तर जोडीदाराच्या मदतीनं निस्तरायचं.

या प्रकाराची सुरुवात मध्य अमेरिकेत झाली असं म्हणता येईल. कोस्टारिका देश एका किनाऱ्यापासून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंत ओलांडणारी ‘ला रुता दे लोस कोन्किस्तादोरेस’ १९९३ साली सुरू झाली. १९९८ साली युरोपात ‘ट्रान्सआल्प’ आली : जर्मनीतल्या मिटेनवाल्डहून निघून आल्प्स ओलांडत इटलीतल्या गार्डा तळ्याकाठच्या रिव्हाला पोहोचायचं, तेही जोडीनं. ला रुता स्वतः केलेल्या केव्हिन व्हरमाक यांनी दक्षिण आफ्रिकेत २००४ साली ‘केप एपिक’ भरवली. पहिली शर्यत नाय्स्नापासून स्टेलनबॉशजवळच्या स्पिअर या वाइन इस्टेटपर्यंत झाली आणि कार्ल प्लाट व मॅनी हेमन्स ही जोडी जिंकली. आज केप एपिकमध्ये एक प्रोलॉग (सुरुवातीचा छोटा टप्पा) आणि सात टप्पे असतात. एकूण अंतर साधारण ६०० ते ७०० किलोमीटर आणि चढाई १५,००० मीटरच्या आसपास.

इथला एक नियम सायकलीच्या निवडीवर थेट परिणाम करतो. जोडीतल्या दोघांमध्ये दोन मिनिटांपेक्षा जास्त अंतर पडलं की दंड होतो. म्हणजे जोडीचा वेग मागच्याच्या वेगाएवढा. त्यामुळे अनुभवी जोड्या चाकं, ॲक्सल (चाकाचा दांडा), डिरेलर हँगर (मागचा गिअर बदलणारा भाग फ्रेमला जोडणारा तुकडा) हे सगळं एकाच मापाचं ठेवतात. दगडावर आपटून हँगर वाकला तर एकच जादा हँगर दोघांना पुरतो, आणि वेळ आलीच तर कमी दमलेला आपलं अख्खं चाक काढून दुसऱ्याला देऊ शकतो. वेगवेगळ्या कंपन्यांच्या दोन महागड्या सायकली घेऊन जाणारी जोडी ही सोय घरीच सोडून येते.

सुरुवातीच्या काळात स्पर्धकांखाली असायची ती २६ इंची चाकांची हार्डटेल : पुढे सस्पेन्शनवाला, म्हणजे दणके झेलणारा फोर्क, मागे तसं काही नाही. रॉकशॉक्स कंपनीचा पहिला फोर्क १९८९चा, त्यामुळे पुढचं सस्पेन्शन एव्हाना सरावाचं झालं होतं. मागच्या सस्पेन्शनवर मात्र कोणाचा भरवसा नव्हता. ते जड होतं आणि चढावर प्रत्येक पेडलसरशी सायकल हेलकावे खायची. पायातली ताकद शॉक (मागचे दणके झेलणारा भाग) दाबण्यात जाते, ही तक्रार खोटी नव्हती.

स्पेशलाइज्ड या सायकल कंपनीनं २००२च्या सुमारास ‘एपिक’ ही सायकल आणून यावर एक तोड काढली. तिच्या शॉकमध्ये ‘ब्रेन’ नावाची झडप होती. वरून पेडलचा जोर आला तर ती बंदच राहायची. खालून चाकाला दगडाचा दणका बसला की उघडायची. त्या उघडण्याचा ‘टक्’ असा ठोका सीटला जाणवायचा आणि अनेकांना तो कधीच आवडला नाही. स्कॉट या दुसऱ्या कंपनीनं वेगळी वाट धरली : हँडलवर एक खटका, चढावर शॉक आवळा, उतारावर सोडा. शेवटी हँडलवरून ताबा ठेवण्याचीच सरशी झाली. २०२४च्या ‘एपिक ८’मधून खुद्द स्पेशलाइज्डनंच ब्रेन काढून टाकला. पण मधल्या वीस वर्षांत त्यानं एक गोष्ट पटवली. खडबडीत रस्त्यावर हार्डटेलवाल्याला सीटवरून उठावं लागतं, तर फुल सस्पेन्शनवाला (पुढे-मागे दोन्हीकडे सस्पेन्शन असलेला) बसून पेडल मारत राहतो. एका दिवसात हा फरक किरकोळ वाटतो, आठवडाभरात तासांनी मोजावा लागतो. हौशी स्पर्धकाला तर हे जास्तच लागू, कारण तो विजेत्यांच्या जवळपास दुप्पट वेळ सायकलीवर असतो.

चाकांचा वादही असाच रंगला. २९ इंची म्हणवणाऱ्या चाकाची रिम रोड सायकलीच्याच मापाची, म्हणजे ६२२ मिलिमीटर व्यासाची, २६ची ५५९. मोठं चाक दगडावर सहज चढतं, पण जड असतं आणि वेग घ्यायला वेळ लावतं. २०१२च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये चेक सायकलपटू यारोस्लाव कुल्हावीनं २९ इंची फुल सस्पेन्शनवर सुवर्णपदक जिंकलं आणि पुढच्याच वर्षी क्रिस्टोफ साउझरबरोबर केप एपिकही. त्यानंतर २६च्या बाजूनं बोलणारे फारसे उरले नाहीत.

गिअरची गोष्ट मला सगळ्यांत रंजक वाटते, कारण तिचा उलगडा साध्या भागाकारानं होतो : पुढचे दाते भागिले मागचे दाते, उत्तर जितकं लहान तितका गिअर हलका. जुन्या सायकलींना पुढे तीन चेनरिंग (पेडलजवळची दातेरी चक्रं) : २२, ३२, ४४ दात्यांची. मागे दातेरी अशा नऊ चकत्या, त्यांतली सर्वांत मोठी ३४ची. म्हणजे सर्वांत हलका गिअर २२ भागिले ३४, सुमारे ०.६५. चिखलात पुढची चेन अडकायची, पण कितीही थकलेला माणूस या गिअरवर चढ रेटू शकायचा. २०१२ साली स्रॅम या सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीनं एक्सएक्स१ हा गिअरसंच आणला : पुढे एकच चेनरिंग, मागे अकरा चकत्या, १० ते ४२ दात्यांच्या. पुढे ३२ लावलं तर हलका गिअर ०.७६. दीड तासाच्या शर्यतीतल्या तगड्या पायांना तो चालला. सहाव्या दिवशी दुपारी बारा वाजता उभ्या चढावर असलेल्या हौशी माणसाला नाही. म्हणून बरेच जण पुढची दोन चेनरिंग धरून राहिले, त्यात जुनाटपणा नव्हता. २०१६ साली स्रॅमच्याच ‘ईगल’मध्ये मागची सर्वांत मोठी चकती ५० दात्यांची झाली. ३२ भागिले ५० म्हणजे ०.६४. तीन चेनरिंगवाला जुना हलका गिअर एका चेनरिंगवर परत मिळाला आणि वाद मिटला.

टायरबद्दल थोडक्यात. माव्हिक, मिशेलिन आणि हचिन्सन यांनी १९९९ साली ट्यूबलेस (आत ट्यूब नसलेल्या) टायरचं एक समान माप आणलं. पुढे सीलंटनं (टायरमधलं भोक आपोआप बुजवणाऱ्या द्रवानं) काट्यांचा प्रश्न बराचसा सोडवला. रुंदी २.१ इंचांवरून २.४पर्यंत गेली आणि हवेचा दाब उतरला.

पाण्याचा मुद्दा मात्र कॅटलॉग चाळताना नेहमी सुटतो. मागचा शॉक फ्रेमच्या पोटातली जागा खातो, म्हणून कित्येक फुल सस्पेन्शन फ्रेममध्ये एकच बाटली बसायची. केपच्या उन्हात एका बाटलीवर भागत नाही आणि पाठीवर पाणी वाहिलं तर कंबर बोलते. फ्रेममध्ये दोन बाटल्या बसणं ही हळूहळू अटच झाली. २०१८च्या कॅन्यन लक्ससारख्या सायकली तिच्याभोवती आखल्या गेल्या.

आज या शर्यतींसाठी नेहमीची शिफारस म्हणजे १०० ते १२० मिलिमीटर ट्रॅव्हलची (सस्पेन्शन दबण्याच्या अंतराची) २९ इंची फुल सस्पेन्शन. हिमालयात मात्र ती डोळे झाकून घेऊ नये. २००५पासून हिमाचलात हस्तपा ही संस्था भरवत आलेल्या ‘एमटीबी हिमालया’त खडकाळ सिंगलट्रॅकपेक्षा (एकाच सायकलीपुरत्या अरुंद पायवाटेपेक्षा) कच्चे रस्ते आणि न संपणारे चढ अधिक. तिथे मागच्या शॉकचं सील गेलं तर ते मिळणारं दुकान वाटेत सापडत नाही. पुण्या-नाशिकहून पहिल्यांदा जाणाऱ्यानं त्याच पैशात मधल्या दर्जाची फुल सस्पेन्शन घेण्यापेक्षा चांगल्या फोर्कची हार्डटेल घ्यावी, सर्वांत मोठी चकती ५०-५१ दात्यांची असलेली कॅसेट (मागच्या चकत्यांचा संच) बघावी आणि उरलेले पैसे चाकं-टायरवर घालावेत.