मोटार इंजिनाचे नौकेसाठी रूपांतर

मोटारीतून उतरवलेल्या इंजिनाचा ब्लॉक (सिलिंडर असलेला मुख्य ओतीव भाग) नव्याने बांधून ते होडीत किंवा लाँचमध्ये बसवण्याचे काम. यातले निम्मे काम मशीन शॉपचे असते आणि ते कोल्हापुरात उत्तम होते. शिवाजी उद्यमनगरात बोअरिंग (सिलिंडरचे भोक, म्हणजे बोअर, कापून मोठे करणे), होनिंग (ते घासून गुळगुळीत करणे), क्रँक ग्राइंडिंग (पिस्टनच्या ये-जाने फिरणारा दांडा घासून मापात आणणे) यांची परंपरा जुनी आहे. शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फौंड्र्या वाहन उद्योगासाठी बिडाची कास्टिंग ओततात. उरलेले निम्मे काम पाण्याशी निगडित आहे आणि इंजिन बिघडते ते बहुधा तिथेच.

सपाट रस्त्यावर मोटारीचे इंजिन आपल्या ताकदीचा थोडाच भाग वापरते. होडीला पाणी सतत अडवते, उतार कधीच लागत नाही. वैभववाडीहून करूळ घाट चढणाऱ्या भरल्या ट्रकसारखे ते तासन्‌तास ओढत राहते. त्यामुळे पिस्टन आणि बोअरमधली फट मोटारीच्या मापापेक्षा थोडी जास्त ठेवतात. बाहेरचे गार पाणी थेट ब्लॉकमध्ये फिरवले, तर बोअर थंड राहून पिस्टन मात्र तापून फुगतो. अशा वेळी फट कमी असली की इंजिन जाम होते.

ब्लॉक निवडताना घाई करू नये. कोअर प्लग (ब्लॉकची भोके बुजवणाऱ्या चकत्या) काढून वॉटर जॅकेटमध्ये, म्हणजे सिलिंडरभोवतीच्या पाण्याच्या पोकळीत, स्क्रूड्रायव्हर घालावा. मागच्या सिलिंडरच्या तळाशी साचलेला गंजाचा लगदा खरवडल्यावर खाली टणक बीड लागले तर ठीक. पापुद्रे सुटत राहिले, तर बोअर कितीही सरळ असो, तो ब्लॉक सोडून द्यावा. त्यानंतर तड्यांची तपासणी, प्रेशर टेस्ट आणि गरज पडल्यास लायनर (बोअरमध्ये बसवायची नवी नळी). कोल्हापूरने 2005, 2019 आणि 2021 चे महापूर पाहिले आहेत. पुरात बुडालेल्या गाडीचे इंजिन तसेच सुरू केले, तर सिलिंडरमधले पाणी दाबले जात नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. अशा इंजिनाचा ब्लॉक पुष्कळदा वापरता येतो, पण प्रत्येक रॉड तपासावाच लागतो. स्टीलचे कोअर प्लग काढून पितळी किंवा ब्राँझचे बसवतात. हेड गॅस्केटही गंज न धरणारे घेतात.

थंडाव्याची पद्धत पाण्यावरून ठरते. राधानगरीसारख्या जलाशयातले गोडे पाणी थेट फिरवून भागते. मालवणच्या समुद्रात तसे केले तर खारे पाणी ब्लॉक आतून खाते. शिवाय सुमारे 60 अंशांच्या पुढे त्यातले क्षार जॅकेटमध्ये धरू लागतात. म्हणून तिथे हीट एक्स्चेंजर बसवून ब्लॉकमध्ये कूलंट आणि बाहेरच्या नळ्यांत समुद्राचे पाणी ठेवणे हाच शहाणपणाचा मार्ग. पंचगंगेत वेगळाच त्रास होतो: केंदाळ पाणी ओढण्याच्या तोंडाशी अडकते आणि पावसाळ्यातला गाळ पंपाचा रबरी इंपेलर झिजवतो. गाळणी हाताला सहज लागेल अशा जागी बसवावी.

मोटारीचा उघडा एक्झॉस्ट मॅनिफोल्ड लाकडी वा फायबरच्या होडीत आग लावू शकतो, म्हणून पाण्याचे कवच असलेला मॅनिफोल्ड घालतात. पाण्यातला पंखा (प्रोपेलर) फिरवणाऱ्या शाफ्टच्या उतारामुळे इंजिन मागे कलते. त्या कलात ऑइल पंपाला तेल मिळेल असा संप (इंजिनाखालची तेलाची टाकी) लागतो. मोटारीचा गिअरबॉक्स चालत नाही. पंख्याचा रेटा झेलणारे बेअरिंग असलेला मरीन गिअरबॉक्स हवा, नाहीतर तो रेटा क्रँकवर येतो.

पेट्रोल इंजिनाबाबत तडजोड करू नये. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते. ती होडीच्या तळाशी साचते आणि स्टार्टरची एक ठिणगी स्फोटाला पुरते. ठिणगी बाहेर न पडणारे मरीन स्टार्टर आणि अल्टरनेटर, कार्बोरेटरवर फ्लेम अरेस्टर (ज्वाला अडवणारी जाळी) आणि इंजिनाच्या खणात वाफ बाहेर काढणारा ब्लोअर हे सारे लागते. कोल्हापूर भागात डिझेलचे जाणकार मुबलक असल्याने डिझेल घेणे केव्हाही बरे.

नदीत वा जलाशयात चालणाऱ्या यांत्रिक नौकेची तपासणी आणि नोंदणी अंतर्देशीय जलयान अधिनियम, 2021 नुसार होते. पाण्यातल्या चाचणीत पूर्ण थ्रॉटलला इंजिनाने ठरलेले आरपीएम (मिनिटाला फेरे) गाठले पाहिजेत. ते गाठत नसेल, तर पंखा जड आहे असे समजून कमी पिचचा (एका फेऱ्यात कमी अंतर पुढे जाणारा) लावावा.