पलटणीचा इतिहास आणि पलटणीतल्या माणसाचा इतिहास

सातारा जिल्ह्यात पहिल्या महायुद्धाविषयीचे पुस्तक शोधणारा वाचक बहुधा घरातल्या एखाद्या आठवणीमुळे त्या शोधाला लागलेला असतो. अपशिंग्यासारख्या गावाच्या नावालाच 'मिलिटरी' हा शब्द कायमचा जोडला गेला आहे, आणि पणजोबा बसऱ्याच्या लढाईवर गेले होते एवढेच सांगू शकणारी घरे या भागात आजही आहेत. अशा वाचकाच्या हाती दोन प्रकारची पुस्तके येतात. एक पलटणीच्या कामगिरीचा इतिहास सांगते, दुसरे पलटणीत गेलेल्या माणसांच्या जगण्याचा. दोन्हींत तीच ठिकाणे, तीच वर्षे आणि तेच आकडे येत असल्यामुळे वाचक एकाऐवजी दुसरे उचलतो आणि आपल्या प्रश्नाचे उत्तर त्यात नाही म्हणून निराश होतो.

आजच्या इराकमधील कुत अल अमारा या गावाचा वेढा या दृष्टीने पाहण्यासारखा आहे, कारण 103, 110 आणि 117 या क्रमांकांच्या मराठा पलटणी त्यात अडकल्या होत्या. टायग्रिस नदीच्या वळणावरील या गावात ब्रिटिश जनरल टाउनशेंडच्या सैन्याला तुर्कांनी 7 डिसेंबर 1915 रोजी वेढले आणि 29 एप्रिल 1916 रोजी त्याने शरणागती पत्करली. पलटणीचा इतिहास येथे नेमके प्रश्न विचारतो. सुटकेसाठी निघालेल्या फौजेचे हल्ले का फसले, नदीतून माल वाहणाऱ्या बोटी पुरेशा का नव्हत्या, चिखलाचा आणि पुराचा परिणाम काय झाला, या सर्वांची उत्तरे तो युद्धदैनंदिनी (पलटणीची रोजची नोंदवही), हुकूम, तारा आणि नकाशे यांच्या आधारे देतो. युद्धदैनंदिनी अधिकारी लिहीत असे, त्यामुळे तिच्यात अधिकाऱ्याचे नाव येते आणि शिपायांची केवळ संख्या येते. वाचताना हे सतत ध्यानात ठेवावे लागते, तरीही कोणती तुकडी कोणत्या दिवशी कोठे होती हे कळण्याचा याहून विश्वसनीय मार्ग नाही.

माणसांचा इतिहास त्याच वेढ्याकडे शिधा, आजार, पत्रे आणि घरची ओढ यांच्या अंगाने पाहतो. धान्य संपत आले तेव्हा घोडे मारून त्यांचे मांस शिपायांना देण्यात येऊ लागले. गोऱ्या शिपायांनी ते खाल्ले, परंतु बहुसंख्य हिंदी शिपायांनी एप्रिलपर्यंत नकार दिला, हिंदुस्थानातील धर्माधिकाऱ्यांची संमती तारेने मागवूनही त्यांचे मन वळले नाही. पलटणीच्या इतिहासात हा नकार शिध्याच्या हिशेबातली एक अडचण म्हणून येतो. दुसऱ्या प्रकारचा इतिहासकार मात्र तेथे थांबतो आणि विचारतो की परत गेल्यावर गावात, भावकीत आणि जातीच्या पंगतीत आपले काय होईल, ही भीती त्या नकारामागे किती होती. माझ्या मते हा प्रश्न लढाईच्या नकाशाइतकाच गंभीर आहे. याच वेढ्यात आहाराचा एक विलक्षण परिणाम डॉक्टरांना दिसला. मैद्याच्या पावावर राहणाऱ्या गोऱ्यांना बेरीबेरी हा ब जीवनसत्त्वाच्या अभावाचा आजार झाला, तर कोंड्यासह दळलेला आटा खाणारे हिंदी शिपाई त्यातून बरेचसे वाचले; मात्र ताजे मांस आणि भाजी पोटात न गेल्यामुळे त्यांना क जीवनसत्त्वाच्या अभावाने होणाऱ्या स्कर्व्हीने गाठले.

येथवर हे दोन प्रकार वेगळे दिसले, तरी ते एकमेकांवाचून लंगडे पडतात. टाउनशेंडने आरंभी गावातील धान्यसाठ्याचा अंदाज फार कमी धरला, त्यामुळे सुटकेच्या फौजेला पुरती तयारी होण्याआधीच घाईने हल्ले करावे लागले. जानेवारीत घरोघरी झडती घेतल्यावर बरेच धान्य सापडले, पण तोवर त्या हल्ल्यांत हजारो माणसे पडली होती. म्हणजे कोठारातील जवाचा प्रश्न हाच रणनीतीचाही प्रश्न होता. केवळ तोफा मोजणाऱ्या लेखकाला हे समजत नाही, आणि लढाईचा क्रम समजून न घेता केवळ शिपायांचे हाल लिहिणाऱ्यालाही समजत नाही. अलीकडे दुसऱ्या प्रकारच्या काही लेखनात शिपाई हा निव्वळ बळी म्हणून रंगवला जातो. शस्त्र चालवण्याचे कसब, पलटणीचा अभिमान आणि पगाराचा हिशेब हेही त्याच्या आयुष्याचे भाग होते, ते वगळणे हा त्याच्यावर अन्यायच आहे.

साधनांचा फरकही जाणून घ्यावा. फ्रान्समधल्या हिंदी शिपायांची पत्रे सेन्सॉर उघडून वाचत असे आणि त्यांतील उतारे इंग्रजीत भाषांतरित करून अहवालांत घालत असे. ते अहवाल आज लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहेत. आपले पत्र वाचले जाते हे शिपायांना ठाऊक होते, शिवाय पुष्कळ पत्रे दुसऱ्याकडून लिहवून घेतलेली असत. म्हणून या पत्रांतला आवाज पूर्णपणे मोकळा मानता येत नाही. जात्यावरच्या ओव्यांतून बाईचे मन कळते, परंतु ओवीचे वर्ष ठरवणे बहुतेक वेळा शक्य नसते. स्मारकेही असाच अपुरा पुरावा देतात. बसऱ्याच्या स्मारकावर 40 हजारांहून अधिक मृतांची नोंद आहे, पण साध्या हिंदी शिपायांची नावे तेथे कोरली गेली नाहीत, पलटणीनुसार केवळ संख्या दिली गेली. त्या काळी अनेक गावांत बसवलेल्या शिळांवरही किती गेले आणि किती मेले एवढेच आढळते.

घरात त्या काळचे पदक असेल तर आधी त्याची कड भिंगाखाली पाहावी. तेथे सामान्यतः क्रमांक, हुद्दा, नाव आणि पलटण आढळते. पलटणीचा क्रमांक हाती आल्यावर प्रथम पलटणीचा इतिहास वाचावा, कारण तो माणूस कोठे होता हे तेथेच ठरते. मात्र 1922 च्या पुनर्रचनेत जुने क्रमांक बदलले, हे विसरू नये: 103 ही 5 व्या मराठा लाइट इन्फंट्रीची पहिली बटालियन झाली, 110 तिसरी आणि 117 पाचवी. ठिकाण आणि काळ निश्चित झाल्यावर मग दुसऱ्या प्रकारचे पुस्तक उघडावे, आणि तो काय खात होता, कशाने आजारी पडला, कैदेत गेला असेल तर पुढे त्याच्यावर काय ओढवले, हे त्यात शोधावे.