पडद्यावरचे अक्षर आणि फाइलमधला आकडा

मराठी मजकुराची फाइल उघडली आणि ‘फॉन्ट दिसत नाही’ अशी तक्रार आली, की त्या एका वाक्याआड चार निरनिराळे बिघाड असू शकतात. मराठीऐवजी इंग्रजी अक्षरांची गिचमिड दिसते. किंवा नुसते रिकामे चौकोन. किंवा वेलांटी भलत्याच बाजूला जाऊन शेजारी टिंबांचे वर्तुळ उमटते. चौथा प्रकार सर्वांत फसवा: पीडीएफ डोळ्यांना निर्दोष दिसते, पण त्यातला परिच्छेद कॉपी करून दुसरीकडे पेस्ट केला की अगम्य चिन्हे येतात. यांचा उगम वेगवेगळ्या काळात आहे, म्हणून एकाच उपायाने ते सुटत नाहीत.

संगणक अक्षर साठवत नाही, आकडा साठवतो. त्या आकड्याला कोणता आकार द्यायचा हे फॉन्ट ठरवतो. १९६३ च्या ॲस्की मानकात असे १२८ आकडे होते आणि ते इंग्रजीची मुळाक्षरे, अंक व विरामचिन्हे यांतच संपले. पुढे आठ बिटांच्या संगणकांवर ही मर्यादा २५६ वर गेली. देवनागरीची मुळाक्षरे त्यात सहज मावली असती. अडचण जोडाक्षरांची होती. अर्धी अक्षरे, रफार, रकार, निरनिराळ्या मात्रा धरल्या तर छपाईला शेकडो आकार लागतात.

यावर भारतात शोधलेले उत्तर खरे तर उत्तम होते. आयआयटी कानपूरमध्ये सुरू झालेले आणि नंतर पुण्याच्या सी-डॅक या सरकारी संगणक संशोधन संस्थेने पुढे नेलेले जिस्ट तंत्रज्ञान अक्षर आणि आकार वेगळे ठेवत असे. साठवायचे फक्त मूळ वर्ण, जोडाक्षर कसे दिसेल ते यंत्र ठरवेल. याच विचारावर भारतीय मानक ब्युरोने १९९१ मध्ये ‘इस्की’ हे मानक प्रसिद्ध केले. पण ते पडद्यावर आणायला संगणकात बसवायचे खास कार्ड किंवा खास सॉफ्टवेअर लागे, आणि नेमक्या त्याच वेळी बाजार दुसरीकडे वळला.

१९९१ मध्ये ॲपलने आणि १९९२ मध्ये विंडोज ३.१ मधून मायक्रोसॉफ्टने ट्रूटाइप फॉन्ट आणले. आता कार्ड नको, नुसती फॉन्टची फाइल टाकली की झाले. संगणकावर छपाईची पाने लावणाऱ्या डीटीपीवाल्यांना हेच हवे होते. इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरीचे तुकडे काढलेले फॉन्ट निघाले: कृतीदेव, शिवाजी, श्रीलिपी आणि असे कितीतरी. मजकूर पेजमेकर या पाने जुळवायच्या सॉफ्टवेअरमध्ये लागे, छापखान्यातून नीट बाहेर पडे. तक्रार कोण करणार?

कृतीदेवमध्ये ‘मराठी’ टाइप करा. फाइलमध्ये साठवली जातात ई, जे, के, कॅपिटल बी आणि एच ही इंग्रजी अक्षरे. ‘म’चा आकडा १०१, म्हणजे इंग्रजी ‘ई’चाच. फॉन्ट काढून घेतला की मराठी नाहीशी होते. त्याहून गुंतागुंतीची गोष्ट म्हणजे यात वर्ण नसून रेघा साठवलेल्या असतात. ‘के’ची कळ कधी काना असते, तर कधी ‘ख’, ‘भ’ किंवा ‘ध’ पूर्ण करणारा उभा दंड. पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टाइप होते, कारण ती डावीकडे दिसते; रफार अक्षरानंतर, कारण तो वर उजवीकडे बसतो. शिवाय मांडणी फॉन्टागणिक वेगळी. एका फॉन्टमधला मजकूर निवडून दुसरा फॉन्ट लावला तर निराळीच अक्षरे उमटतात. गिचमिड दिसली की जो तो फॉन्ट बदलून पाहतो, आणि जुन्या फाइलच्या बाबतीत मूळ फॉन्ट हाताशी नसेल तर हा उपाय हमखास फसतो.

जगातल्या लिप्यांना एकाच यादीत आकडे देणाऱ्या युनिकोड या मानकाची पहिली आवृत्तीही १९९१ चीच. तिने देवनागरीला स्वतंत्र १२८ जागा दिल्या आणि त्यांची रचना इस्कीच्या आधीच्या, १९८८ च्या आवृत्तीवरून घेतली. ‘म’ला २३५० हा क्रमांक मिळाला, तो जगातल्या कोणत्याही फॉन्टमध्ये तोच. मानक तयार झाले, पण ते दाखवणारी यंत्रणा सामान्यांच्या संगणकावर यायला पुढचे दशक लागले. युनिकोडमध्ये ‘कि’ साठवताना आधी ‘क’ आणि मग वेलांटी असा उच्चाराचा क्रम असतो. वेलांटी डावीकडे नेणे, रफार वर चढवणे, जोडाक्षर बांधणे ही कामे शेपिंग इंजिन नावाचा प्रोग्राम करतो, आणि त्यासाठी लागणारे नियम व आकार ओपनटाइप फॉन्ट पुरवतो. विंडोज २००० मध्ये युनिस्क्राइब हे इंजिन आणि मंगल हा फॉन्ट आला. विंडोज एक्सपीत मात्र ही सोय रीजनल सेटिंग्जमध्ये जाऊन चालू करावी लागे आणि संगणक मूळ सीडी मागे. किती कचेऱ्यांत ती सीडी सापडली असेल?

भलतीकडे गेलेली वेलांटी आणि टिंबांचे वर्तुळ ही या थराची देणगी. आकडे बरोबर असतात, पण इंजिन नसते, जुने असते किंवा वर्णांचा क्रम त्याला पटत नाही. सुरुवातीच्या अँड्रॉइड फोनवर तर देवनागरीचे आकारच नव्हते, म्हणून रिकामे चौकोन. इंग्रजीत या चौकोनांना ‘टोफू’ म्हणतात, आणि ते संपवण्याच्या उद्देशावरूनच गूगलच्या ‘नोटो’ फॉन्टमालेचे नाव पडले. या दोन्ही बिघाडांवरचे उपाय सोपे आहेत: प्रणाली अद्ययावत करा, देवनागरी असलेला फॉन्ट टाका. मजकुराला हात लावू नका, तो शाबूत आहे.

पीडीएफची गोष्ट उलटी आहे. १९९३ मध्ये ॲडोबीने ती आणली तीच मुळी पान सगळीकडे सारखे दिसावे म्हणून. फॉन्ट फाइलमध्येच एम्बेड केला की आकार बिघडत नाहीत. पण आत साठवले जातात ते मुख्यतः आकारांचे क्रमांक; कोणता आकार म्हणजे कोणते अक्षर, हा तक्ता वेगळा द्यावा लागतो. १९९६ पासून त्याची सोय आहे, सक्ती नाही. देवनागरीत एका जोडाक्षरामागे तीन-चार वर्ण असतात आणि आकारांचा क्रम उच्चाराच्या क्रमाहून वेगळा, त्यामुळे तक्ता असूनही नक्कल चुकते. २००५ च्या पीडीएफ/ए या जतनासाठीच्या मानकाने फॉन्ट एम्बेड करणे बंधनकारक केले. वर्णांच्या तक्त्याची अट मात्र त्याच्या फक्त वरच्या पातळीला लावली. अशा पीडीएफवर फॉन्ट बदलून काही होत नाही. मूळ फाइल शोधावी, ती नसेल तर ओसीआर करावे, म्हणजे पानाच्या चित्रातून संगणकाकडून अक्षरे ओळखून घ्यावीत.

जुन्या फॉन्टमधला मजकूर युनिकोडमध्ये नेणारे कन्व्हर्टर बरेच आहेत, पण वर सांगितलेले दंड, वेलांट्या आणि रफार यांची उठाठेव त्यांनाच निस्तरावी लागते. मराठीपुरती नेहमी सापडणारी चूक ‘ऱ्य’ची. हिंदी डोळ्यांसमोर ठेवून केलेल्या साधनांना हा अर्धा र ठाऊकच नसतो, मग ‘पुढाऱ्यांना’चे ‘पुढार्यांना’ होते. रूपांतर झाल्यावर पहिला शोध याचाच घ्यावा. दुसरा ‘ॲ’चा. युनिकोडमध्ये त्याला स्वतंत्र जागा २००८ मध्ये, ५.१ आवृत्तीत मिळाली. तोवर लोक ‘अ’वर चंद्र चढवून काम भागवत होते. दोन्ही रूपे पडद्यावर सारखीच दिसतात, पण आकडे वेगळे, म्हणून एक टाकून शोधले तर दुसरे सापडेलच असे नाही. जुन्या दस्तऐवजांत ते ‘फाइंड अँड रिप्लेस’ने एकसारखे करून घ्यावे लागते.