इलेक्ट्रिक कार (बेळगाव सीमाभाग)

इंजिनाऐवजी मोटर आणि बॅटरीवर चालणारी गाडी. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिक्कोडी या भागात ती घेऊ पाहणाऱ्याचे प्रश्न ठरलेले असतात : घाट चढेल का, पावसात चालेल का, लाईट गेली तर काय, पासिंग कर्नाटकात की महाराष्ट्रात. या सगळ्यांआधी एक प्रश्न विचारायला हवा, तो म्हणजे रात्री गाडी कुठे उभी राहणार. स्वतःच्या जागेत, हाताशी पक्क्या अर्थिंगचा प्लग असेल तर पुढचे बरेच सोपे होते.

घरचे चार्जिंग : १५-१६ अँपिअरच्या प्लगमधून गाडीत ताशी सुमारे ३ युनिट वीज जाते. ३० युनिटची बॅटरी त्यावर रात्रभरात भरते. ७ किलोवॉटचा वॉलबॉक्स, म्हणजे भिंतीवरचा चार्जर, बसवला तर निम्म्याहून कमी वेळ लागतो, मात्र त्यासाठी हेस्कॉमकडून (इथली वीज कंपनी) मंजूर भार वाढवून घ्यावा लागू शकतो. शहापूर, खडेबाजारकडच्या जुन्या घरांत खरा धोका वायरिंगचा आहे. गीझर थोड्या वेळात बंद होतो. गाडी जवळपास तेवढाच प्रवाह आठ-नऊ तास सलग ओढते. अशा वेळी बारीक वायर किंवा ढिला सॉकेट तापतो, काळा पडतो, वितळतो. म्हणून मीटरपासून स्वतंत्र लाइन, जादा प्रवाह झाल्यास आपोआप पडणारा स्वतंत्र एमसीबी आणि गळती ओळखणारा आरसीसीबी बसवून घ्यावा. या खर्चात काटकसर करूच नये. एक्स्टेन्शन बोर्डावर गाडी कधीही लावू नये. अर्थिंग नीट नसेल तर बरेच चार्जर सुरूच होत नाहीत, आणि तो चार्जरचा दोष नव्हे. लाईट गेल्यास चार्जिंग थांबते एवढेच. भरलेली वीज कुठे जात नाही.

पल्ला : एका चार्जमध्ये गाडी किती किमी जाते याचा कंपनीचा आकडा चाचणीतला असतो. हायवेवर ताशी ९०-१०० चा वेग आणि एसी असेल तर त्यातून पाव ते एक तृतीयांश वजा धरावा. बेळगाव-कोल्हापूर अंतर सुमारे ११० किमी. लहान बॅटरीच्या गाडीने त्याच दिवशी परतायचे असेल तर कोल्हापुरात काम उरकेपर्यंत गाडी चार्जिंगला लावणे शहाणपणाचे. बाहेरच्या जलद (डीसी फास्ट) चार्जरवर ८० टक्क्यांनंतर चार्जिंगचा वेग मंदावतो. तिथे शंभर टक्क्यांसाठी ताटकळू नये.

घाट : बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंच आहे. १,६०० किलोची गाडी गोव्याच्या किनाऱ्यावरून तेवढी वर आणायला ३.३ युनिट लागतात. मोटरमधली घट धरून चारेक. म्हणजे सपाटीवरचे २५-३० किमी. चोर्ला घाटाने पणजीहून परतताना एवढी शिल्लक जादा धरली की चिंता उरत नाही. उतरताना मोटरच जनित्र होते, वेग आवरते आणि काही वीज बॅटरीत परत घालते. पूर्ण भरलेली बॅटरी ही वीज घेऊ शकत नाही; पण जांबोटी, कणकुंबी मागे पडेपर्यंत तिच्यात पुरेशी जागा झालेली असते. ब्रेक फारसे तापत नाहीत, हा घाटातला मोठाच फायदा.

पाऊस : खानापूरच्या पावसात चालवायला किंवा चार्ज करायला हरकत नाही. बॅटरीला सहसा आयपी६७ संरक्षण असते, म्हणजे एक मीटर पाण्यात अर्ध्या तासाची चाचणी. तो पुरात गाडी घालण्याचा परवाना नव्हे. २०१९ आणि २०२१ मध्ये वेदगंगेचे पाणी यमगर्णीजवळ हायवेवर आले होते. अशा वेळी थांबणे हाच उपाय. बुडालेली गाडी सुरू करू नये, चार्जिंगला लावू नये, आणि चाके फिरवत ओढून न नेता फ्लॅटबेडवर (सपाट ट्रकवर चढवून) न्यावी.

नोंदणी : खासगी इलेक्ट्रिक गाडीची पाटी दोन्ही राज्यांत हिरवी, अक्षरे पांढरी. कर्नाटकाने २०२४ मध्ये २५ लाखांवरच्या इलेक्ट्रिक गाड्यांना १० टक्के कर लावला. केवळ कर पाहून कोल्हापूरचे एमएच-०९ पासिंग करण्याचा मोह होतो, परंतु गाडी दुसऱ्या राज्यात १२ महिन्यांहून अधिक ठेवल्यास मोटार वाहन कायद्याच्या कलम ४७ नुसार तिथला क्रमांक घ्यावा लागतो. राहणे बेळगावात असेल तर केए-२२ च बरा.