खोटं छप्पर, खरी आग

गोव्यातल्या शिरगावच्या लईराई देवीच्या जत्रेत होमकुंड पेटतं तेव्हा ज्वाळांकडे जरा निरखून पाहा. त्या सावकाश वर चढतात, शेंड्याला तुटतात, पुन्हा चढतात. घरातल्या समईची ज्योत मात्र झुळूक लागली की भराभर थरथरते. आगीचा घेर जितका मोठा, तितक्या तिच्या उसळ्या संथ. १ मीटर रुंदीची आग सेकंदाला साधारण दीड वेळा उसळते, २५ सेंटिमीटरची तीन वेळा, तर ४ मीटरची पाऊणच वेळा. घेर चौपट झाला की वेग निम्म्यावर येतो. जन्मभर चूल, शेकोटी आणि होळी पाहिलेल्या डोळ्यांना हा हिशोब न शिकवता कळतो. म्हणूनच चित्रपटासाठी इमारतीच्या छोट्या प्रतिकृतीला लावलेली आग पडद्यावर लगेच खेळण्यातली वाटते.

यावर जुना उपाय आहे. प्रतिकृती एक-चतुर्थांश मापाची असेल तर सेकंदाला २४ ऐवजी ४८ चित्रं घ्यायची. २४च्या गतीने दाखवल्यावर आग संथ होते. पण ज्वाळांची जाडी आणि धुराची वेटोळी मापात लहान होत नाहीत. त्यामुळे जवळच्या दृश्यांसाठी खऱ्या मापाचा सेटच लागतो.

पॅरिसच्या नोत्र-दाम कॅथेड्रलचं छप्पर १५ एप्रिल २०१९ रोजी जळालं. ओक लाकडाच्या मध्ययुगीन तुळया आणि वर शिशाचे पत्रे. शिसं ३२७ अंश सेल्सिअसलाच वितळतं. या आगीवर झाँ-झाक आनो यांनी केलेला चित्रपट २०२२ मध्ये आला. त्यासाठी लोकांकडून त्या दिवसाची मोबाइलवरची चित्रणं मागवली आणि इमारतीचे काही भाग स्टुडिओत उभारून तिथे खरी आग लावली.

अशा सेटवर लाकूड सहसा जळू देत नाहीत. जाड तुळई मिनिटाला जेमतेम अर्धा-पाऊण मिलिमीटर कोळसते. ती कधी कोसळेल याची वाट पाहत कॅमेरा थांबू शकत नाही, आणि दुसऱ्या टेकला तीच तुळई परत मिळत नाही. म्हणून लोखंडी सांगाड्यावर न जळणारा गिलावा चढवून, रंगवून तुळई करतात. तिच्यामागे फ्लेम बार लपवतात. फ्लेम बार म्हणजे ओळीने बारीक भोकं पाडलेला लोखंडी पाइप, त्यात एलपीजी. स्वयंपाकाच्या शेगडीत हवा आधीच मिसळते, म्हणून ज्योत निळी. इथे हवा मुद्दाम मिसळत नाहीत. अर्धवट जळालेले काजळीचे कण तापून उजळतात आणि कॅमेऱ्याला हवी तशी पिवळी-नारिंगी ज्वाळा मिळते.

घोटाळा बहुतेक वेळा सिलिंडरपाशी होतो. मिनिटाला १ किलो गॅस जाळला तर सुमारे ७७० किलोवॉट उष्णता निघते, म्हणजे घरगुती शेगडीचे सुमारे ३०० बर्नर एकदम. १९ किलोचा सिलिंडर १९ मिनिटं पुरेल, असं कागदावर वाटतं. पण आतल्या द्रवाची वाफ व्हायला किलोमागे ३५० ते ४०० किलोज्यूल लागतात आणि ही उष्णता पत्र्यातून आत यावी लागते. मिनिटाला १ किलोसाठी ती ६ किलोवॉट, दोन-तीन गिझरांइतकी! इतकी ती येत नाही. द्रव गार पडतो, पत्र्यावर आधी दव जमतं, मग पांढरं हिम. दाब उतरतो आणि ऐन दृश्यात ज्वाळा गुडघ्याएवढ्या होतात. गोव्याच्या मे महिन्यातल्या उकाड्यातही हे घडतं. उपाय दोन: अनेक सिलिंडर एका नळीला जोडून भार वाटायचा, किंवा द्रव बाहेर काढून व्हेपोरायझरमध्ये त्याची वाफ करायची. सिलिंडरला आच देणं म्हणजे जिवाशी खेळ.

दुसरा धोका दिसत नाही. एलपीजीची वाफ हवेपेक्षा दीड ते दोन पट जड असते. गॅस पेटवायला सतत तेवत ठेवलेली छोटी पायलट ज्योत विझली आणि व्हॉल्व्ह उघडा राहिला, तर गॅस सेटच्या पोकळ फळ्यांखाली जाऊन साठतो. म्हणून गॅस शोधणारं यंत्र जमिनीलगत ठेवतात आणि सेटखालची जागा पंख्याने हवेशीर राखतात.

धूर मात्र बहुतेक वेळा खोटाच असतो: ग्लायकॉल आणि पाण्याचं धुकं. तेही ज्वाळांजवळ टिकत नाही, थेंब उष्णतेने विरून जातात, म्हणून ते पुन्हापुन्हा सोडावं लागतं. खऱ्या घरातल्या आगीत उलट असतं. काळाकुट्ट धूर आढ्यापासून खाली उतरतो, काही मिनिटांत हातभर अंतरावरचं दिसेनासं होतं आणि कार्बन मोनॉक्साइडने माणसाची शुद्ध जाते. नायक ज्वाळांमधून स्पष्ट दिसत धावतो, ती कॅमेऱ्याची गरज आहे. खऱ्या आगीत जमिनीलगत रांगतच बाहेर पडायचं असतं, हे आमच्या मते प्रत्येक प्रेक्षकाला ठाऊक हवं.

उघड्यावर चित्रण असेल तर वारा त्रास देतो. आपल्या किनाऱ्यावर दुपारी समुद्रावरून येणारं वारं ज्वाळा आडव्या पाडतं आणि उन्हात त्या फिक्या दिसतात. पहाटे वारा पडलेला असतो, तेव्हाच काम उरकतात.

टेक सुरू होताना मुख्य व्हॉल्व्हवर एक माणूस बसतो. त्याचा हात दांडीवर, नजर फक्त कलाकारावर. तो मॉनिटरकडे पाहत नाही. दुपारच्या उन्हाच्या चौपट-पाचपट उष्णता चेहऱ्यावर पडली तर २० सेकंदांच्या आत कातडी पोळू लागते, म्हणून दृश्य १०-१२ सेकंदांचंच ठरवतात. कलाकाराने हात वर केला की दिग्दर्शकाच्या ‘कट’ची वाट न पाहता हा माणूस दांडी पाव फेरा फिरवून गॅस बंद करतो. नळीत उरलेला गॅस जळून संपेपर्यंत दोन-तीन सेकंद ज्वाळा राहतात. तेवढी वेळ आधीच हिशोबात धरलेली असते.